गावाचे गटार नदीला मिळण्याआधी

एप्रिलच्या अखेरीस, दिवस उजाडण्याच्या सुमारास, आपल्या गावाचे गटार नदीला किंवा ओढ्याला जिथे मिळते तिथे जाऊन उभे राहावे. सांडपाणी प्रक्रियेचा कोणताही आराखडा करण्याआधी हे काम करावे, आणि ते एकट्या अभियंत्यावर न सोपवता ग्रामपंचायतीचे सदस्य, वॉटरमन आणि नदीकाठचे दोन-चार शेतकरी यांनी मिळून करावे. गटाराच्या वरच्या अंगाला पाणी कसे आहे, गटार मिळते तिथे कसे आहे आणि अर्धा किलोमीटर खाली गेल्यावर कसे आहे, हे आपल्या डोळ्यांनी पाहावे. तळाचा गाळ काठीने ढवळल्यावर काळा निघतो का, बुडबुडे येऊन कुजलेल्या अंड्यासारखा वास सुटतो का, मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात का, याची नोंद करावी. उजाडतानाची वेळ मुद्दाम सांगतो, कारण पाण्यातले शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करते आणि रात्रभर तोच वापरते. त्यामुळे पाण्यात विरघळलेला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. दुपारी बरी दिसणारी नदी पहाटे गुदमरलेली असू शकते.

हीच जागा जुलैमध्ये पाहून निर्णय घेतला तर हमखास फसगत होते. आषाढात आपल्या बेळगाव भागातली मार्कंडेय नदी पात्राबाहेर पडते, गटाराची धार त्या लोंढ्यात कुठे गेली ते कळतही नाही, आणि 'नदी सगळे वाहून नेते' हा आपल्याकडचा जुना समज आणखी पक्का होतो. पण नदीला सर्वांत मोठा त्रास होतो तो फाल्गुन ते ज्येष्ठ या काळात. वरून येणारी धार तेव्हा बारीक झालेली असते, बंधाऱ्यांना फळ्या घातलेल्या असतात आणि वाहती नदी पाठोपाठच्या डबक्यांची माळ होऊन बसते. राकसकोप धरणाखालच्या मार्कंडेयकाठी राहणाऱ्यांना आणि निपाणी भागात वेदगंगा-दूधगंगेच्या बंधाऱ्यांमागे पाणी अडवून शेती करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. आपल्या भागातील नद्या एका गावापुरत्या नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. हिरण्यकेशी आंबोलीहून निघून आजरा, गडहिंग्लज करीत संकेश्वरला येते. मार्कंडेय गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा खानापूरवरून पुढे सौंदत्तीच्या नविलुतीर्थ धरणात जाते आणि त्या धरणाचे पाणी हुबळी-धारवाडचे लोक पितात. वरच्या गावाचे गटार खालच्या गावाच्या जॅकवेलमध्ये, म्हणजे नदीचे पाणी उपसायच्या विहिरीत, उतरते, आणि आपण प्रत्येक जण कोणाच्या तरी खाली आणि कोणाच्या तरी वर आहोत.

नदी किती सोसू शकते याचा हिशेब साधा आहे. पाण्यातील घाण कुजताना जितका प्राणवायू खाते त्या मापाला बीओडी म्हणतात. आपल्याकडच्या कच्च्या सांडपाण्याचा बीओडी बहुधा लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो, आणि आंघोळीयोग्य नदीपात्रात तो ३ पेक्षा जास्त नसावा आणि विरघळलेला प्राणवायू ५ पेक्षा कमी नसावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. वरून येणाऱ्या नदीचा बीओडी १ धरला, तर २५० बीओडीचे सांडपाणी ३ वर आणण्यासाठी त्याच्या सव्वाशे पट नदीचे पाणी लागते. तेच सांडपाणी गावातच ३० पर्यंत स्वच्छ करून सोडले, तर साधारण चौदा पट पुरते. तीन हजार वस्तीच्या गावाचे गटार सरासरी सेकंदाला दीड लिटर वाहत असेल, तर पहिल्या स्थितीत नदीला सेकंदाला सुमारे १९० लिटरची धार हवी आणि दुसऱ्या स्थितीत सुमारे २० लिटरची. उन्हाळ्यात आपल्या छोट्या नद्यांना यांपैकी कोणती धार असते, ते पुलावर उभे राहून कोणीही सांगेल.

आधी मोजावे

आराखड्यातील पहिली चूक बहुतेक वेळा इथेच होते. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे आणि त्यातील ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते असे गृहीत धरण्याची पद्धत आहे. म्हणजे तीन हजार लोकांमागे रोज १ लाख ३२ हजार लिटर. पण ज्या गावात घरोघरी बोअर आणि परसात विहीर आहे तिथे प्रत्यक्ष वापर याच्या दीडपट सहज असू शकतो, आणि ज्या गावात नळाला चार दिवसांआड पाणी येते तिथे पाणी सुटण्याच्या दिवशी गटार भरून वाहते व एरवी कोरडे पडते. कागदावरच्या सरासरीवर टाकी बांधली की ती एका दिवशी अपुरी पडते आणि दुसऱ्या दिवशी रिकामी राहते.

मोजण्यासाठी फार काही लागत नाही. बारीक धार असेल तर पंधरा लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते घड्याळ लावून पाहावे. दहा सेकंदांत भरली तर धार सेकंदाला दीड लिटर. गटार मोठे असेल तर जाड पत्र्याच्या वरच्या कडेला काटकोनात, म्हणजे ९० अंशांचा, व्ही आकाराचा खाच कापून घ्यावा आणि तो पत्रा गटारात आडवा, ओळंब्यात बसवून बाजूच्या फटी चिकणमातीने बुजवाव्यात. पाणी फक्त खाचेतून पडू लागले की पत्र्याच्या मागे अर्ध्या मीटरभर अंतरावर पट्टी धरून पाण्याची पातळी खाचेच्या टोकापासून किती वर आहे ते मोजावे. ती उंची ५ सेंटिमीटर असेल तर प्रवाह सेकंदाला सुमारे ०.८ लिटर, १० सेंटिमीटर असेल तर ४.४ लिटर आणि १५ सेंटिमीटर असेल तर १२ लिटर असतो. आमच्या गावात हा पत्रा आम्ही जत्रेच्या देखाव्यासाठी आणलेल्या पत्र्याच्या तुकड्यातून कापला होता, आणि पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत दर तासाला एक जण वहीत आकडा लिहीत होता. सकाळी सहा ते नऊ या वेळात प्रवाह सरासरीच्या तिप्पट होता, आणि तो ठळक चढ पाहिल्यावरच टाकी केवढी हवी हे सगळ्यांना एकदम पटले. ही मोजणी उन्हाळ्यात सलग सात दिवस करावी आणि पावसाळ्यात पुन्हा दोन दिवस करावी, कारण पावसाळ्यातील वाढीव पाणी सांडपाण्याचे नसते, ते पन्हाळीचे, रस्त्याचे आणि झिरपून आलेले असते व त्यासाठी वेगळी व्यवस्था करावी लागते.

मोजताना गटारात काय काय येते तेही गल्लीवार लिहावे. न्हाणीचे आणि भांडी-कपड्यांचे पाणी वेगळे, शौचालयाच्या सेप्टिक टाकीतून बाहेर पडणारे पाणी वेगळे आणि गोठ्याचे पाणी वेगळे. आपल्या गावांत गोठ्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. एक म्हैस दिवसाला दहा-पंधरा किलो शेण टाकते, आणि ते उचलायच्या आधी पाइप लावून गोठा धुतला तर ते सगळे गटारात जाते. एका म्हशीचे शेण प्राणवायू खाण्याच्या बाबतीत अनेक माणसांच्या मैल्याला भारी पडते. दूध घालणारी चाळीस-पन्नास घरे असलेल्या गावात आधी शेण उचलून मग धुणे, आणि गोठ्याचे पाणी उकिरड्याच्या किंवा गोबर गॅसच्या खड्ड्यात वळवणे, एवढ्याने गटाराचा भार जितका उतरतो तितका कोणत्याही यंत्राने उतरत नाही. यंत्रमागाच्या रंगकामाचे, गॅरेजच्या तेलाचे किंवा कोणत्याही कारखान्याचे पाणी मात्र सांडपाणी प्रक्रियेच्या तळ्यांत येऊ देऊ नये. त्याने शेवाळ आणि जीवाणू मरतात, आणि त्याची प्रक्रिया ज्याची त्याने करायची असते.

मैला जागेवर अडवावा, पण जमीन पाहून

शौचालयाचा मैला शक्यतो गटारात येऊच नये. दोन खड्ड्यांचे शौचालय नीट बांधले तर एक खड्डा भरल्यावर प्रवाह दुसऱ्याकडे वळवायचा, पहिला दोन वर्षे बंद ठेवायचा आणि नंतर त्यातून निघालेले कोरडे, वास नसलेले खत शेतात घालायचे. दोन खड्ड्यांमध्ये किमान एक मीटर अंतर ठेवावे आणि पिण्याच्या विहिरीपासून किमान दहा मीटर दूर राहावे. पण हा नियम सगळ्या जमिनींना सारखा लागू होत नाही. खानापूरकडच्या जांभ्यात भेगा आणि पोकळ्या असतात. पाणी तिथे गाळून न जाता थेट वाहून जाते. माझ्या मामांच्या घरी मे महिन्यात खणलेला शोषखड्डा उत्तम चालला, आणि आषाढात खालच्या अंगाच्या विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला. दीड महिना ते पाणी उकळून प्यावे लागले आणि शेवटी खड्डा बुजवून वरच्या बाजूला, भोवती वाळूचा थर देऊन, नवा करावा लागला. पावसाळ्यात भूजल जिथवर चढते त्याच्या दोन मीटर वर खड्ड्याचा तळ राहिला पाहिजे. पश्चिम खानापुरात ही अट पाळणे कठीण जाते, आणि तिथे उथळ व जास्त खड्डे किंवा पक्क्या टाक्या हाच मार्ग उरतो. पूर्वेकडे, अथणी-चिकोडी भागातल्या काळ्या जमिनीत अडचण उलटी असते: पाणी जिरतच नाही. जमीन तपासायची तर तीस सेंटिमीटर खोल खड्डा काढून तो आदल्या दिवशी पाण्याने भरून ठेवावा, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरावा आणि पाणी अडीच सेंटिमीटर खाली उतरायला किती मिनिटे लागतात ते पाहावे. तासभर थांबूनही उतरत नसेल तर त्या जागी शोषखड्ड्यावर पैसे घालू नयेत.

सेप्टिक टाकी असेल तर ती दोन-तीन वर्षांनी उपसलीच पाहिजे, नाहीतर ती नुसती मैला पुढे ढकलणारी नळी होऊन राहते. उपसण्यासाठी टँकर बोलवावा. माणसाला टाकीत उतरवू नये. २०१३ च्या कायद्याने ते बंद केले आहे, आणि कायदा नसता तरी ते करता कामा नये, कारण टाकीतील हायड्रोजन सल्फाइड वायूने पहिल्या दोन श्वासांत शुद्ध जाते आणि वाचवायला उतरलेला दुसरा माणूसही आतच राहतो.

मोटरविना चालणारे निवडावे

या लेखात मला एकच गोष्ट आग्रहाने सांगायची आहे: गावाने अशीच प्रक्रिया निवडावी की जी वीज गेली, बिल थकले आणि पहिला उत्साह ओसरला तरी चालत राहील. हवा फुंकणाऱ्या मोटरींचे प्रकल्प वाईट नाहीत. जागा नसलेल्या शहरात ते आवश्यकच असतात. पण तीन-चार हजारांच्या गावात ब्लोअर बंद पडला की आतले जीवाणू काही तासांतच गुदमरू लागतात आणि नंतर टाकी गटारापेक्षा जास्त वास मारते. आमच्या शेजारच्या एका गावात मी असा प्रकल्प पाहिला आहे. उद्घाटनाला मी स्वतः गेलो होतो, टाकीतले पाणी फेसाळत होते आणि सगळ्यांना आनंद झाला होता. दुसऱ्या वर्षी मोटर जळाली, दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा हे ठरेना, आणि आज त्या टाकीला वळसा घालून गटार पूर्वीसारखेच ओढ्याला जाते. चूक कोणा एकाची नव्हती. चालवण्याचा खर्च आराखड्यात लिहिलेलाच नव्हता.

आपल्याकडे ऊन आहे, उतार आहे आणि बऱ्याच गावांना गायरान आहे. या तिन्हींवर चालणारी पद्धत म्हणजे तळ्यांची साखळी. तीन हजार वस्तीचे उदाहरण धरून ती कशी आखायची ते पाहू.

गटाराच्या तोंडाशी दोन ते अडीच सेंटिमीटर अंतराच्या गजांची जाळी तिरपी बसवावी, म्हणजे दाताळ्याने कचरा वर ओढता येतो. त्यापुढे वाळू बसण्यासाठी शेजारी-शेजारी दोन अरुंद चर असावेत. पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे तीस सेंटिमीटर राहिला की वाळू बसते आणि हलकी घाण पुढे जाते. नंतर दोन कप्प्यांची निवळटाकी, जास्तीत जास्त प्रवाहाच्या वेळीही पाणी दोन तास थांबेल एवढी. आपल्या उदाहरणात तिचे घनफळ ३० ते ३५ घनमीटर येते. कप्पे दोनच हवेत असे नाही, पण एक तर नकोच, कारण एक कप्पा साफ करताना पाणी दुसऱ्यातून जायला हवे. इथे बीओडी साधारण तीस टक्क्यांनी उतरतो. काही आराखड्यांत या जागी तीन-चार मीटर खोल, उघडे, प्राणवायूविरहित तळे सुचवलेले असते. ते काम चांगले करते, तरी छोट्या गावाला मी ते सुचवणार नाही, कारण त्याचा वास वस्तीपर्यंत येतो आणि एकदा गाव बिथरले की पुढचे सगळे काम अडते.

यानंतरचे मुख्य तळे दीड मीटर खोल असावे. त्याच्या तळाशी घाण प्राणवायूविना कुजते आणि वरच्या थरात शेवाळ प्राणवायू पुरवते. हे तळे किती मोठे असावे ते सर्वांत थंड महिन्याच्या तापमानावर ठरते, आणि आपल्याकडच्या हिवाळ्याचे सरासरी तापमान सावधपणे २० अंश धरले तर हेक्टरी रोज सुमारे २५० किलो बीओडी ते पचवू शकते. १ लाख ३२ हजार लिटर पाण्यात २५० मिलिग्रॅमच्या हिशेबाने रोज ३३ किलो बीओडी येतो, निवळटाकीनंतर २३ किलो उरतो, आणि त्याला ९२० चौरस मीटर, म्हणजे नऊ गुंठे पाणीपृष्ठ लागते. पाणी या तळ्यात दहा दिवस राहते. पुढे प्रत्येकी एक मीटर खोलीची आणि चार दिवस पाणी थांबवणारी दोन तळी, सव्वापाच गुंठ्यांची प्रत्येक, ही रोगजंतू मारण्यासाठी. तळे उथळ असल्यामुळे ऊन तळापर्यंत पोहोचते, दुपारी शेवाळामुळे पाणी क्षारीय होते आणि या दोन्हींमुळे मैल्यातील जीवाणू मरतात. कृमींची अंडी जड असल्याने तळाशी बसतात. एवढे पाणीपृष्ठ वीस गुंठे झाले. बांध, फिरायला वाट आणि गाळ वाळवायची जागा धरून तीस गुंठे, म्हणजे पाऊण एकर, हाताशी असावेत. वस्तीपासून किमान २०० मीटर अंतर राखावे.

बांधकामात सर्वांत जास्त लक्ष बांधांवर द्यावे. आतला उतार एकास दोन ते एकास तीन ठेवावा, पाण्याच्या वर अर्धा मीटर बांध मोकळा राहावा आणि माती पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या थरांत, ओलवून, धुमसून भरावी. तळाला चिकणमातीचा थर द्यावा. जांभ्याच्या जमिनीत ती बाहेरून आणावी लागेल आणि तो खर्च आधीच धरावा. पाणी झिरपते का हे तपासण्याची युक्ती अशी: तळे भरून एक मेख ठोकून तिच्यावर पातळीची खूण करावी आणि त्याच पाण्यात उभ्या ठेवलेल्या अर्ध्या भरलेल्या बादलीच्या आतही खूण करावी. चार दिवसांनी बादलीतले पाणी जेवढे उतरले ते बाष्पीभवन. तळ्यातले त्याहून जास्त उतरले असेल तर तेवढे जमिनीत गेले. पाणी एका कोपऱ्यातून येऊन समोरच्या तिरक्या कोपऱ्यातून बाहेर पडावे, नाहीतर ते सरळ कडेकडेने निघून जाते आणि दहा दिवसांचे तळे दोन दिवसांचे होते. मुख्य तळ्याची बाहेर पडणारी नळी पृष्ठभागाखाली साठ सेंटिमीटरवर ठेवावी, म्हणजे वरचे दाट शेवाळ पुढे जात नाही.

तरीही थोडे शेवाळ जातेच, आणि ते पुढे कुजले की नदीचा प्राणवायू खाते. म्हणून शेवटी साठ सेंटिमीटर जाडीचा खडीचा वाफा करून त्यात पाणकणीस, देवनळ किंवा कर्दळ लावावी आणि पाणी खडीच्या आतून, पृष्ठभागावर न दिसता, आडवे जाऊ द्यावे. खडी धुतलेली असावी, नाहीतर तिच्यातील भुकटीनेच वाफा वर्षभरात तुंबतो. ज्या गावाकडे पाऊण एकर नाही त्याने निवळटाकीनंतर पाच-सहा कप्प्यांची, पाणी खालून वर चढत जाणारी बंदिस्त टाकी आणि तिच्यामागे असाच, पण दहा-बारा गुंठ्यांचा मोठा वाफा करावा. जागा कमी लागते, सिमेंटचा खर्च वाढतो.

पूर आणि पाऊस

ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी कुठवर आले होते ते गावातील प्रत्येकाला ठाऊक आहे. देवळाच्या पायरीवर, शाळेच्या भिंतीवर त्या खुणा आहेत. तळ्यांच्या बांधांचा माथा त्या खुणेच्या वर असलाच पाहिजे, मग त्यासाठी जागा वस्तीकडे सरकवावी लागली तरी चालेल. जाळीच्या आधी बाजूला एक उंबरा ठेवावा, म्हणजे कोरड्या दिवसांच्या तिप्पट प्रवाह तळ्यात जाईल आणि त्याहून वरचे पावसाचे पाणी उंबऱ्यावरून थेट ओढ्याला जाईल. बेळगावच्या दक्षिणेकडच्या शिवारात बळ्ळारी नाल्याचे पाणी भातात शिरले की काय होते ते आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. गटाराचे आणि पावसाचे पाणी एकाच वाटेने नेण्याचा तो धडा आहे.

शुद्ध झालेले पाणी कुठे द्यावे

प्रदूषण नियंत्रणाच्या २०१७ च्या अधिसूचनेनुसार लहान गावांसारख्या ठिकाणी बीओडी ३० आणि मैल्यातील जीवाणू १०० मिलिलिटरमागे १,००० पेक्षा कमी असावेत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये याहून कडक, बीओडी १० चा, निकष सांगितला आहे. तळ्यांमधून १० गाठणे कठीण आहे, आणि म्हणून उन्हाळ्यात पाणी नदीत सोडूच नये, शेताला द्यावे, हा सर्वांत सरळ मार्ग आहे. ज्या महिन्यांत नदी सर्वांत दुबळी असते त्याच महिन्यांत शेताला पाण्याची सर्वांत जास्त ओढ असते. त्या पाण्यातील नत्र आणि स्फुरद नदीत केंदाळ माजवतात, शेतात पीक वाढवतात.

पण कोणत्या पिकाला द्यायचे याबद्दल कसूर करू नये. ऊस, नेपियर गवत, मका यांना द्यावे. मेथी, कोथिंबीर, मुळा, काकडी यांना प्रयोगशाळेचा अहवाल स्वच्छ आल्याशिवाय देऊ नये. आपल्या शिवारातील भाजी रोज पहाटे गोव्याच्या बाजाराला जाते, ती कोणीतरी कच्ची खाणार आहे. साबणातील सोडियममुळे काळी जमीन घट्ट होऊ शकते, म्हणून विहिरीच्या पाण्याशी पाळी घालून द्यावे आणि दोन वर्षांनी माती तपासावी. पावसाळ्यात पाणी नदीतच सोडावे लागेल. ते बंधाऱ्याच्या आणि पिण्याच्या पाण्याच्या जॅकवेलच्या खालच्या बाजूला सोडावे.

कागदपत्रे आणि पैसा

नदीत सांडपाणी सोडण्यासाठी १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याखाली कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, आणि ती काम सुरू करण्याआधी घ्यायची असते. पैशासाठी स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण भागाच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावांना सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत धरले होते, म्हणजे तीन हजारांना ८ लाख ४० हजार. खोदाई रोजगार हमीतून आणि उरलेले वित्त आयोगाच्या बांधील निधीतून बसवता येते. चालू वर्षाचा आदेश ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांकडून (पीडीओंकडून) मागून घ्यावा. अंदाजपत्रक बहुधा कन्नडमध्ये असते. ते ग्रामसभेत कोणाकडून तरी मराठीत ओळ न ओळ वाचून घ्यावे, कारण ज्या बायका सकाळी त्या गटाराशेजारून पाणी आणतात त्यांना त्यातला प्रत्येक आकडा कळायला हवा. त्या वाचनात दोन ओळी आहेत का ते पाहावे: रोज पाहणी करणाऱ्या माणसाचा पगार आणि गाळ काढण्याचा खर्च. नसतील तर अंदाजपत्रक परत पाठवावे.

रोजची निगा

एका माणसाला रोज दोन तासांचे काम आहे. त्याला गमबूट, हातमोजे आणि धनुर्वाताची लस ग्रामपंचायतीने द्यावी. सकाळी जाळी साफ करावी आणि निघालेला कचरा पुरावा. आठवड्याला पाणी वाळूच्या दुसऱ्या चरात वळवून आधीचा साफ करावा. तळ्यावर आलेली साय ओढून काढावी. पाण्याच्या कडेचे गवत कापत राहावे, कारण डास तळ्याच्या मध्यभागी नव्हे, कडेच्या गवतात होतात. शेवटच्या तळ्यात गप्पी मासे सोडावेत. भाताच्या बांधाला भोके पाडणारे खेकडे या बांधांनाही सोडत नाहीत, म्हणून पावसाळ्यात रोज एकदा बांधावरून चालत जाऊन ओल दिसते का ते पाहावे आणि भोक दिसताच मातीचा गोळा ठासावा.

तळ्याची प्रकृती रंगावरून कळते. मुख्य तळे गर्द हिरवे असले की ठीक आहे. ते गुलाबी किंवा जांभळट दिसू लागले तर झेपत नाही एवढी घाण येते आहे असे समजावे आणि कोणत्या गोठ्याचे किंवा टँकरचे पाणी गटारात सुटले ते शोधावे. करडे-काळे झाले तर दोन-चार दिवस प्रवाह वळवून त्याला सावरू द्यावे. निवळटाकीतील गाळ दोन-तीन महिन्यांनी काढून खडी-वाळूच्या वाफ्यावर वीत-दीड वीत जाडीने पसरावा. उन्हाळ्यात तो दहा-पंधरा दिवसांत वाळतो, पावसाळ्यात वरून छप्पर नसेल तर वाळतच नाही. वाळलेला गाळ लगेच शेतात न घालता पालापाचोळ्याबरोबर रचून किमान वर्षभर ठेवावा, कारण जंताची अंडी चिवट असतात.

पहिल्यांदा सुरू करताना घाई करू नये. तळी आधी ओढ्याच्या किंवा विहिरीच्या पाण्याने निम्मी भरावीत, विशेषतः काळ्या मातीची, नाहीतर तळ सुकून भेगाळतो. मग थोडे सांडपाणी सोडून ती दोन-तीन आठवडे तशीच ठेवावीत. पाणी हिरवे झाले की गटाराचा सगळा प्रवाह आत घ्यावा. तीन महिन्यांनी आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचे नमुने बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्यावेत. आणि पुढच्या एप्रिलच्या अखेरीस, पहाटे, तीच माणसे, तीच वही आणि तीच काठी घेऊन नदीकाठच्या त्याच तीन जागी जावे व आदल्या वर्षीच्या नोंदीसमोरच्या कोऱ्या पानावर या वर्षीचे लिहावे.